ओढायची असेल तर बाहेर

बाबांच्या एक्सरेत उजव्या फुप्फुसावर डाग निघाला, त्याला आता सातआठ वर्षं झाली. ज्या डॉक्टरकडे पाठवलं होतं तो माझ्याहूनही लहान, डोळ्यांखाली झोप साठलेली, बाहेर चाळीसेक पेशंट बसलेले. त्याने सीटीची फिल्म लाइटवर लावली, पेनाच्या टोपणाने डागाभोवती हवेतच एक गोल काढला आणि फिल्मकडेच बघत विचारलं, "काका, किती वर्षं ओढताय?" बाबा म्हणाले, "छे हो, अधूनमधून. कधीतरी." डॉक्टर काही बोलला नाही. केसपेपरवर लिहिलं, ४० वर्षं, रोज १०. मी समोरून उलटं वाचलं. हा आकडा आला कुठून ते मला जरा वेळाने कळलं. बाबांचा उजवा हात टेबलावर होता आणि तर्जनी आणि मधल्या बोटाची पेरं हळद लागल्यासारखी पिवळी होती.

बाहेर आल्यावर बाबा जे भडकले. "फुप्फुस माझं, पैसे माझे, ह्याला काय करायचंय? औषध दे म्हणावं, प्रवचन नको." प्रवचन त्याने दिलंच नव्हतं खरं तर, एक प्रश्न विचारला होता फक्त, पण वर्मी लागला की प्रश्नही प्रवचनासारखाच ऐकू येतो.

रिपोर्ट यायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी रात्री मोबाइलवर काय काय वाचलं त्याची यादी दिली तर लोक हसतील. डाग, गाठ, स्टेज, किती टक्के, किती वर्षं, आणि मग असं वाचत वाचत माणूस कुठून कुठे जातो तसा मी दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे नावाच्या देशात पोचलो, जिथला राष्ट्राध्यक्ष तेव्हा एक कॅन्सरचा डॉक्टर होता. ताबारे वास्केस. पहाटे तीन वाजता मला हे फारच इंटरेस्टिंग वाटलं. म्हणजे बघा, हा जो आमचा झोपाळू डॉक्टर आहे, दिवसाला चाळीस फुप्फुसं बघतो आणि चाळीस वेळा तोच प्रश्न विचारतो, त्याला उद्या कोणी उचलून देशाच्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं कर काय करायचं ते, तर तो काय करेल?

उरुग्वेत हे झालेलं आहे. त्यामुळे कल्पना करत बसायची गरज नाही.

वास्केस १९४० मध्ये राजधानी माँटेव्हिडिओत ला तेहा नावाच्या कामगारवस्तीत जन्मला. वडील सरकारी तेल रिफायनरीत कामगार आणि युनियनवाले. पोरगा मिळेल ती कामं करत मेडिकलला गेला, आणि साठच्या दशकातच घरात बहीण, आई, वडील, तिघंही कॅन्सरने गेले. तिघंही. हे वाचून मी फोन उलटा ठेवला होता थोडा वेळ. १९६९ मध्ये डॉक्टर झाला, नंतर ऑन्कोलॉजी आणि रेडिओथेरपी, पुढे शिष्यवृत्तीवर पॅरिसच्या गुस्ताव्ह रूसी कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये. परत येऊन प्रॅक्टिस. बाहेर लष्करी राजवट चालू, १९७३ पासून १९८५ पर्यंत, आणि हा मशीनखाली पेशंट झोपवतोय. शिवाय वस्तीतल्या प्रोग्रेसो ह्या फुटबॉल क्लबचा दहा वर्षं अध्यक्ष, आणि १९८९ मध्ये तो पिटुकला क्लब चक्क देशाचा चॅम्पियन झाला. मला वाटतं पुढारी म्हणून त्याची पहिली ओळख ही क्लबमधलीच असणार, कारण कॅन्सरच्या डॉक्टरला गल्लीतून कोणी खांद्यावर घेऊन नाचत नाही, लोक त्याला रस्त्यात टाळतातच.

१९९० मध्ये माँटेव्हिडिओचा महापौर, डाव्या आघाडीचा पहिलाच. मग राष्ट्राध्यक्षपदासाठी १९९४ ला उभा राहिला, हरला. १९९९ ला पहिल्या फेरीत पहिला आला आणि दुसऱ्या फेरीत हरला. २००४ ला पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त मतं घेऊन जिंकला. १ मार्च २००५ ला शपथ. पावणेदोनशे वर्षं दोन जुन्या पक्षांनी आलटून पालटून वाटून खाल्लेला देश, त्यात पहिल्यांदा डावं सरकार, आणि त्याच्या डोक्यावर एक कॅन्सरवाला डॉक्टर. आणि गंमत म्हणजे अध्यक्ष झाल्यावरही त्याने प्रॅक्टिस पूर्ण सोडली नाही, पहिल्या टर्ममध्ये वेळ काढून पेशंट बघत राहिला. ह्यात नाटक किती आणि सवय किती मला माहीत नाही, पण देश चालवणारा माणूस अधूनमधून अशा खोलीत बसतो जिथे समोरच्याला फक्त "मी वाचेन का" एवढंच विचारायचं असतं, ही गोष्ट मला कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा बरी वाटते.

शपथेला बरोबर एक वर्ष झालं, १ मार्च २००६, आणि उरुग्वेत ऑफिस, हॉटेल, बार, कुठल्याही बंदिस्त सार्वजनिक जागेत सिगरेट बंद. लॅटिन अमेरिकेत असं करणारा पहिला देश. इथे एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो कारण बाबांशी ह्याच्यावरून पुढे खूप वाद झाला. सिगरेट ओढायला बंदी नव्हती. विकायला पण नव्हती. ओढायची असेल तर बाहेर जा, एवढंच. खोलीत जो वेटर आठ तास उभा आहे त्याच्या फुप्फुसाचा प्रश्न होता, आणि त्या वेटरला कोणी विचारलेलं नव्हतं की बाबा तुला चालेल का.

मग एकेक करत पुढे. "लाइट", "माइल्ड" असे शब्द पाकिटावर चालणार नाहीत म्हटल्यावर कंपन्यांनी काय केलं, तर शब्द काढले आणि रंग ठेवले. लाल पाकीट म्हणजे कडक, सोनेरी म्हणजे सौम्य, गिऱ्हाइकाला बरोबर कळतं. आत तंबाखू तीच, मारायची ताकद तीच. तर २००८ मध्ये सरकारने नियम काढला की एका ब्रँडचा एकच प्रकार विकायचा, लाल विका नाहीतर सोनेरी विका, दोन्ही नाही. हा नियम वाचून मी मनातल्या मनात टाळी दिली. हे कोणा बाबूला सुचेल असं वाटत नाही, हे अशाच माणसाला सुचतं ज्याने आयुष्यभर पेशंटच्या तोंडून "पण डॉक्टर, मी लाइटच ओढतो हो" ऐकलंय. बाबाही लाइटच ओढायचे. "अधूनमधून, आणि तीही लाइट." मग २००९ मध्ये पाकिटाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा ८० टक्के भाग धोक्याच्या सूचनेला. ब्रँडला उरले वीस टक्के.

फिलिप मॉरिस, मार्लबोरोवाली कंपनी, ह्यावर खवळली. तिने १९ फेब्रुवारी २०१० ला उरुग्वेवर केस टाकली. आपल्याला वाटेल कोर्टात, तर तसं नाही. स्वित्झर्लंड आणि उरुग्वे ह्यांच्यात परदेशी गुंतवणूकदाराला संरक्षण देणारा एक जुना करार होता, कंपनीचं एक ऑफिस स्वित्झर्लंडमध्ये, म्हणून ती त्या कराराखाली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड बँकेच्या लवादाकडे गेली. म्हणणं काय, तर आमचे ट्रेडमार्क तुम्ही मारून टाकले, ती आमची मालमत्ता होती, भरपाई द्या. शेवटी आकडा सुमारे २.२ कोटी डॉलरवर आला. तसा आकडा फार मोठा नाही वाटणार, पण उरुग्वेची लोकसंख्या जेमतेम चौतीस लाख, आणि कंपनीची वर्षाची उलाढाल तेव्हा त्या अख्ख्या देशाच्या अर्थव्यवस्थेपेक्षा मोठी होती. कंपनीला पैसे हवे होते असं मला वाटतच नाही. तिला बाकीच्या छोट्या देशांना दाखवायचं होतं की बघा, नियम कराल तर किती खर्चात पडाल. वकिलांच्या फीनेच अर्धे देश गप्प बसतात.

आणि तारीख बघा. तिकडे एकाच माणसाला लागोपाठ दुसऱ्यांदा अध्यक्ष होता येत नाही, त्यामुळे १ मार्चला वास्केसची टर्म संपत होती. म्हणजे जायच्या दहा दिवस आधी केस. नंतर आलेले होसे मुहिका, तेच ते जुन्या फोक्सवॅगनवाले साधे अध्यक्ष ज्यांचे फॉरवर्ड आपण सगळ्यांनी वाचलेत, त्यांचं सरकार सुरुवातीला जरा डळमळलं, नियम थोडे सैल करावेत का अशी चर्चा झाली. मग मायकेल ब्लूमबर्गने, म्हणजे तेव्हाच्या न्यूयॉर्कच्या महापौराने, केसच्या खर्चाला पैशाची मदत दिली, आणि उरुग्वे लढायचं ठरवून उभा राहिला. एका कामगाराच्या मुलाने उभं केलेलं डावं धोरण एका अमेरिकन अब्जाधीशाच्या पैशावर टिकलं. आता ह्याचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं, मला तर हसू आलं.

निकाल लागायला सहा वर्षं गेली. ८ जुलै २०१६, उरुग्वे जिंकला. कंपनीनेच उलट उरुग्वेला खर्चापोटी ७० लाख डॉलर द्यायचे. तोपर्यंत वास्केस दुसऱ्यांदा अध्यक्ष झाला होता आणि त्याने स्वतः टीव्हीवर येऊन हे देशाला सांगितलं. आणि नुसता कागदावरचा विजय नव्हे हां. बंदीनंतरच्या दोन वर्षांत उरुग्वेच्या हॉस्पिटलांच्या नोंदी तपासल्या तर हार्ट अटॅकने भरती होणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी कमी झालेलं. एक कॅन्सरचा डॉक्टर आयुष्यभर मान मोडून काम करून किती माणसं वाचवेल? आणि वाचवलेल्यांची तोंडं त्याला ओळखीची असतात. इथे कोण वाचलं हे वाचलेल्यालाही माहीत नाही, त्याला हार्ट अटॅक आलाच नाही, तो आपला सकाळी उठून कामाला गेला. मत द्यायला जाताना त्याला हे आठवण्याचं काही कारणच नाही.

इथपर्यंत मी पूर्ण वास्केसच्या बाजूने. रिपोर्टच्या सहाव्या दिवशी रात्री मी बाबांना हे सगळं रंगवून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे. पण डॉक्टर एकदा खुर्चीवर बसला की सगळा देश पेशंट. आणि पेशंटला काय कळतंय, ही ह्यांची जातच." मी म्हटलं, तुमचं आपलं काहीतरीच.

सातव्या दिवशी रात्री मी पुढचं वाचलं.

नोव्हेंबर २००८. उरुग्वेच्या संसदेने, दोन्ही सभागृहांनी, पहिल्या बारा आठवड्यांत गर्भपात करायला बाईला परवानगी देणारा कायदा पास केला. वास्केसच्याच आघाडीने. आणि वास्केसने त्याला व्हेटो मारला. कारण देताना जनुकशास्त्राचा दाखला दिला, गर्भधारणेपासूनच एक नवीन मानवी जीव असतो, विज्ञान असं सांगतं. पक्षात गदारोळ, तर त्याने आपला समाजवादी पक्षच सोडला, ज्यात तो १९८३ पासून होता. मग २०१२ मध्ये मुहिकांच्या काळात कायदा पुन्हा आला आणि झाला. मधली चार वर्षं कोणाच्या नावावर टाकायची?

तो काही मतांसाठी असं करत नव्हता, उलट स्वतःच्याच लोकांना दुखावत होता, त्याला खरंच तसं वाटत होतं, हे मी मान्य करतो. पण मला त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. हाच माणूस, हाच आवाज, हेच "विज्ञान सांगतं". सिगरेटच्या वेळी मला तो आवाज आवडला होता. आणि आता मी त्या बाईच्या जागी उभा राहून काय म्हणत होतो, तर शरीर माझं, ह्याला काय करायचंय. म्हणजे शब्दाला शब्द, आमच्या बाबांचं वाक्य.

मग पहाटेपर्यंत मी स्वतःशीच भांडलो. दोन्हीत फरक आहे का, की मला जे पटतं तिथे डॉक्टर शहाणा आणि पटत नाही तिथे डॉक्टर आगाऊ? फरक आहे असं मला अजूनही वाटतं आणि तो त्या दरवाजात आहे. सिगरेटच्या कायद्याने ओढणाऱ्याला काही केलं नाही, खोलीत ओढू नको म्हटलं, आणि खरी मुसकी बांधली ती विकणाऱ्याची, जो सोनेरी पाकिटात खोटं भरून विकत होता. व्हेटोने मात्र थेट तिलाच बांधलं, जिच्या शरीराचा प्रश्न होता, आणि तिच्यासाठी कुठलं "बाहेर" ठेवलंच नाही. पण हे सगळं मी नंतर जुळवलेलं आहे. त्या रात्री एवढंच कळलं होतं की बाबा पूर्ण चूक नव्हते, आणि ते मला अजिबात आवडलं नव्हतं.

डॉक्टर राजकारणात जाण्याचं आपल्याला का कोण जाणे फार कौतुक असतं, सुशिक्षित माणूस, हात स्वच्छ वगैरे. जर्मनीचा रुडॉल्फ फिर्खो, पेशींच्या आजाराचं शास्त्र उभं करणारा माणूस, १८४८ मध्ये अप्पर सायलीशियात टायफसची साथ बघायला गेला आणि परत येऊन रिपोर्टात औषधांऐवजी लोकशाही, शिक्षण आणि पोटभर अन्न लिहून आला, पुढे संसदेत बिस्मार्कला नडला. चिलीच्या साल्वादोर आयेंदेने तरुणपणी शवविच्छेदनं केली, १९३९ मध्ये आरोग्यमंत्री झाला, गरिबी माणसाला आतून काय करते हे त्याने अक्षरशः उघडून बघितलेलं होतं. हे झाले आपल्याला सांगायला आवडणारे. पण हैतीचा फ्रान्स्वा दुवालिए पण डॉक्टरच होता. खेड्यापाड्यात यॉज नावाच्या कातडीच्या रोगावर पेनिसिलिन टोचत फिरला, लोक प्रेमाने "पापा डॉक" म्हणायला लागले, १९५७ मध्ये निवडून आला, आणि मग त्याच नावाने टोंटोन माकूत हे गुंडांचं सैन्य घेऊन १९७१ ला मरेपर्यंत राज्य केलं. सुई टोचताना जो विश्वासाने दंड पुढे केला जातो ना, तोच दंड त्याने पिरगळला. वास्केसला त्याच्या पंगतीत बसवणं म्हणजे मूर्खपणा, तो निवडणूक हरला तेव्हा घरी गेला आणि टर्म संपल्यावरही घरी गेला. पण दंड पुढे करण्याची आपली सवय मात्र सगळीकडे सारखीच.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. जुन्या टीबीचा व्रण. कधीतरी तरुणपणी होऊन आपोआप बरा झालेला, बाबांना पत्ताही नाही. त्या झोपाळू डॉक्टरने पहिल्यांदा नीट वर बघितलं आणि म्हणाला, "काका, ह्या वेळेस सुटलात." बाबा म्हणाले, "थँक्यू." मी त्यांना डॉक्टरला थँक्यू म्हणताना पहिल्यांदा ऐकलं.

वास्केसच्या बातम्या मी नंतरही बघत राहिलो, अशी सवय लागते, माणूस आपल्या ओळखीचा वाटायला लागतो. २०१९ च्या जुलैच्या शेवटच्या दिवशी त्याची बायको अचानक गेली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, त्याने पत्रकारांसमोर येऊन सांगितलं की आपल्या उजव्या फुप्फुसात गाठ सापडली आहे आणि ती घातक असण्याची दाट शक्यता आहे. स्वतः. डॉक्टरच्या भाषेत. जी वाक्यं त्याने हजारो लोकांना खोलीचं दार लावून, खुर्ची जवळ ओढून सांगितली असतील ती ह्या वेळी कॅमेऱ्यासमोर, स्वतःबद्दल, आणि एकोणऐंशी वर्षांचा तो माणूस आवाज न बदलता ते वाचून दाखवत होता. मी भाषा न कळता तो व्हिडिओ दोनदा बघितला. उपचार घेत घेत टर्म पूर्ण केली, १ मार्च २०२० ला विरोधी पक्षाच्या माणसाच्या अंगावर अध्यक्षाचा पट्टा घातला, आणि ६ डिसेंबर २०२० ला गेला. ऐंशी वर्षांचा होता.

मी बाबांना सांगितलं. म्हटलं, तुमचा तो डॉक्टर गेला, उरुग्वेचा, फुप्फुसाचा कॅन्सर. बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, काच बनियनला पुसली. मला वाटलं आता काहीतरी टोमणा येणार, की बघा, एवढे कायदे करून काय मिळालं. तसं काही बोलले नाहीत. "उजवं का डावं?" विचारलं. मी म्हटलं उजवं.

बराच वेळ गप्प बसले. मग खिसा चाचपला, पाकीट काढलं, तेच लाइटवालं, रोजच्या दहाच्या तेव्हा चार झाल्या होत्या एवढीच काय ती प्रगती. नेहमी ते तिथेच खुर्चीत, खिडकीपाशी पेटवायचे, आई होती तेव्हा ती ओरडायची आणि नंतर मी ओरडायचं सोडून दिलं होतं. माझी मुलगी जमिनीवर रंगवत बसली होती. बाबांनी सिगरेट तोंडात धरली, काडी हातात घेतली, तिच्याकडे बघितलं, आणि गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उठले.

"कुठे चाललात?" मी विचारलं.

"बाहेर," म्हणाले, आणि मागे दार ओढून घेतलं.